विट्स्केचे अकरा हात

विट्स्के तेर्प्स्ट्राचा कुणावरच विश्वास नव्हता. शाळेच्या कॅन्टीनमधलं तळलेलं क्रोकेटसुद्धा ती आधी मधोमध मोडून आत काय भरलंय ते बघायची आणि मगच खायची. तपासलेला पेपर हातात पडला की गुणांची बेरीज पुन्हा करायची. एकदा माझ्याकडून दोन गुण जास्त पडले होते. पोरगी टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"सर, दोन जास्ती हायेत. कशापायी?"

"चुकून गं."

ती पेपर पुन्हा मोजतच जागेवर गेली. चुकून कुणी कुणाला काही देतं, हे तिच्या पचनी पडलं नव्हतं. पुढचे आठ दिवस ती वर्गात माझ्यावर डोळा ठेवून होती.

हा स्वभाव तिच्या घरातूनच आलेला. तिचे वडील गोस्से तेर्प्स्ट्रा उत्तरेकडच्या, समुद्रकाठच्या होलवर्ड गावचे, गुरांचे दलाल. शुक्रवारी पहाटे गाडी काढायची, लेउवार्डनचा बाजार गाठायचा, दुपारपर्यंत घसा बसेपर्यंत बोलायचं आणि राय धान्याच्या पावात डुकराच्या चरबीचा तुकडा घालून खात घरी यायचं. सुट्टी असली की सहा वर्षांची असल्यापासून विट्स्के त्यांच्या मागं. तिथला सौदा तोंडानं होत नाही, हातानं होतो. विकणारा भाव सांगून समोरच्याच्या तळव्यावर टाळी मारतो, घेणारा आपला भाव सांगून उलट टाळी मारतो. थाप, थाप, थाप, तळवे लाल होईपर्यंत. एक टाळी अशी येते की दोघंही हात सोडत नाहीत. ती बसली की व्यवहार झाला. कागद मागनं करा नाहीतर करू नका, गाय त्याची झाली.

"सही काय, कुणीबी करतंय," गोस्से मला एकदा पालकसभेत म्हणाले होते. "हात सोडला न्हाई, तर माणूस खरा."

मी या भागात इतिहास शिकवतो आणि त्याच्या जोडीला ती पोरांची राष्ट्रसभा बघतो. म्हणजे असं की हिवाळ्याच्या तोंडावर लायडनला निरनिराळ्या शाळांची पोरं जमतात. प्रत्येकाला एकेक देश वाटून दिलेला असतो, त्या देशाच्या वतीनं बोलायचं, भांडायचं, ठराव करायचे. सगळे सुटाबुटात. 'मी' म्हणायची बंदी, 'पॅराग्वेच्या प्रतिनिधींना असं वाटतं' असं बोलायचं. आमच्या शाळेतून दरवर्षी चारपाच जण जातात. विट्स्के बारावीला होती तेव्हा तिच्या वाट्याला पॅराग्वे आला, आणि समिती आली नद्यांच्या पाणीवाटपाची.

त्या सभेची रीत अशी. शुक्रवारी सगळे देश एकमेकांना गाठून गट बांधतात, मसुदे लिहितात. शनिवारी प्रत्येक समितीत मसुदे मताला पडतात. जो पहिल्यांदा मंजूर होईल तो रविवारी जुन्या चर्चच्या मोठ्या सभागृहात जातो, आणि ज्यानं तो मांडला तो तिथं सातशे माणसांसमोर भाषण करतो. त्या दिवशी पालकांनाही बोलावणं असतं.

गोस्से तेर्प्स्ट्रा आजवर लेकीच्या शाळेच्या कुठल्याच कार्यक्रमाला गेले नव्हते. बाजार, गुरं, वासरं, कारणांना तोटा नव्हता. या खेपेला मात्र ते तिला म्हणाले होते, "तू त्या मोठ्या हॉलात बोलणार असशील तर येतो. नुसती टाळ्या वाजवायला बसणार असशील तर मला तीन तास आगीनगाडीत बसवू नगस."

ती जाताना गाडीत मला हे सांगून मोकळी झाली आणि वर म्हणाली, "मला रविवारी बोलायचंच हाय, सर. काय बी करून."

"काय बी करून?"

"म्हंजी, नियमात बसंल ते काय बी."

शुक्रवारी दुपारी मोर्चेबांधणी सुरू झाली. शिक्षकांनी त्या खोलीत जायचं नाही आणि पोरांना सल्ला द्यायचा नाही, असा नियम आहे. मी बाहेरच्या बोळात कॉफीच्या यंत्रापाशी उभा राहिलो. दार उघडं असलं की आतलं दिसत होतं, हे माझ्या पथ्यावर पडलं, म्हणजे पडलं असं तेव्हा वाटलं.

विट्स्केच्या जोडीला पहिल्या तासातच एक पोरगी लागली. मिर्ते कौपर्स, दक्षिणेकडची, मास्त्रिख्तची. बोलणं गोड, लांबवून लांबवून, प्रत्येक वाक्याच्या शेवटी जणू विचारल्यासारखं. तिच्याकडं बांगलादेश. तिचं सगळं भांडण एकाच गोष्टीसाठी होतं. वरच्या देशानं धरणाचे दरवाजे उघडण्याआधी तीस दिवस खालच्या देशाला कळवलं पाहिजे. ते मसुद्याचं सहावं कलम झालं. ते शब्द तिनं लिहिले, बाकीचा अर्धा मसुदा दोघींनी मिळून लिहिला, आणि चार वाजेपर्यंत खाली सह्यांची रांग लागली.

आता ही सही म्हणजे काय, ते सांगायला हवं. तिथं सही करणारा ठरावाच्या बाजूनं आहे असं समजायचं नाही. 'यावर चर्चा व्हावी' एवढाच तिचा अर्थ. एकच देश दोन्ही विरोधी मसुद्यांवर सही करू शकतो आणि दोन्हींच्या विरोधात मतही देऊ शकतो. पोरं पहिल्या वर्षी या सह्या मोजतात आणि आपटतात. विट्स्के आपटणाऱ्यातली नव्हती. ती बोळात आली, माझ्याकडं न बघता कॉफी घेत पुटपुटली, "अठरा सह्या हायेत. त्याला काय चाटायचंय?"

मग तिनं आपली रीत काढली. एकेकाला गाठायची. "तुझं मत मिळणार?" मिळेल, म्हटलं की हात पुढं करायची. टाळी. "शनिवारी बी मिळणार?" टाळी. "त्या स्वित्झर्लंडवाल्या डिडरिकनं कायबी दिलं तरी?" टाळी, आणि हात धरून ठेवायची. पोरांना मजा वाटली. इजिप्तचा लिव्हन म्हणून गेंटचा एक लांबडा पोरगा होता, त्यानं तर दोन्ही हातांनी टाळ्या दिल्या. समितीत देश तेवीस, जिंकायला बारा लागत. संध्याकाळी जेवायच्या आधी तिनं मोजले. स्वतःचा धरून अकरा हात झाले.

बारावा मिर्तेचा.

"दे की हात," विट्स्के म्हणाली. मी दारापाशीच होतो.

"उद्या देते गं."

"आज का न्हाई? निम्मा कागद तूच लिवलायस."

"लिहिलाय म्हणूनच. शेवटची प्रत छापून आली की वाचते, मग देते." मिर्ते हसली. "तू असं धरून ठेवतेस ना हात, मला जरा भीतीच वाटते. लग्न लावल्यासारखं."

बाकीचे हसले. विट्स्के हसली नाही.

आता डिडरिकबद्दल. डिडरिक फान आस्बेक, वासेनारच्या श्रीमंत वस्तीतला. त्याच्या आजोबांनी खरोखरीच कुठल्यातरी देशात वकिलात सांभाळली होती, आणि हे त्यानं पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना सांगितलं होतं. त्याच्याकडं स्वित्झर्लंड, म्हणजे जिथून नद्या निघतात असा देश, आणि त्याच्याभोवती असेच डोंगरातले आणखी तीन देश. त्याचा मसुदा विट्स्केच्या मागोमाग मताला पडणार होता. म्हणजे हिचा पडला तरच त्याला संधी.

जेवणाच्या रांगेत मी मिर्तेच्या पाठीमागं चार माणसं सोडून होतो. वाटाण्याचं दाट सूप वाढत होते, वर सॉसेजचे तुकडे. मिर्ते डिडरिकच्या शेजारी उभी होती. तिनं खिशातून एक कागद काढला, त्याला दाखवला. त्यानं बोट ठेवून काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली. मग त्यानं तो घडी घालून स्वतःच्या कोटात ठेवला.

मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. नियम होता, आणि तो मला पाठ होता. बावीस वर्षं नोकरी झाली, त्यातली चौदा या सभांमध्ये गेली. पण विट्स्के माझ्यासमोर पाव कुरतडत बसली आणि मी सूप ढवळत म्हणालो, "तुझी बांगलादेश स्वित्झर्लंडला कागद देत होती."

तिचं चावणं थांबलं.

"कसला कागद?"

"ते मला काय माहीत."

"घेतला त्यानं?"

"कोटात ठेवला."

तिनं पावाचा उरलेला तुकडा ताटात ठेवला. "तरीच. तरीच हात देत न्हवती."

"अगं, असेल काहीतरी दुसरं."

"दुसरं काय असंल, सर? तुम्हीच सांगा."

मी सॉसेजचा तुकडा तोंडात घातला. खरं सांगायचं तर मलाही मिर्तेचा संशयच आला होता. ते गोड बोलणं, ते हसून टाळणं. आमच्या उत्तरेकडच्या कोरड्या वाऱ्यात वाढलेल्या माणसाला असं बोलणारा माणूस काहीतरी लपवतोय असंच वाटतं.

शनिवारी सकाळी न्याहारीला विट्स्के डिडरिकच्या टेबलापाशी जाऊन बसली. हे तिनं मला सांगितलं नाही. मी ब्रेडवर चॉकलेटचा चुरा पसरत होतो, तिथून ऐकलं.

"तुमची चार मतं मला पायजेत," विट्स्के म्हणाली.

डिडरिकनं अंड्याचं टोक सुरीनं उडवलं. "पॅराग्वे सकाळी सकाळी बाजारात. छान. बदल्यात काय?"

"काय पायजे?"

"सहावं कलम काढ. तीस दिवस आधी कळवायचं म्हणजे आमच्या डोंगरातल्या मंडळींचं धरण आहे की रेल्वेचं वेळापत्रक? ते गेलं की आम्ही चौघं तुझे."

विट्स्केनं मनात बेरीज केली असणार. अकरा आणि चार, पंधरा. मिर्ते गेली तरी पंधरा. तिनं हात पुढं केला. "दे."

"काय, ते तुमचं गावठी प्रकरण?" डिडरिक हसला, पण हात दिला. थाप. "चौघांचं?" थाप. "आज दुपारी?" थाप. आणि त्यानं धरला. नीट धरला, सोडला नाही. मी बघितलं. विट्स्केच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा सैल पडल्यासारखं काहीतरी आलं.

साडेदहाला छापून आलेल्या प्रतीत सहावं कलम नव्हतं. सातवं सहावं झालं होतं.

मिर्तेनं ती प्रत वाचली. मी बोळातून बघत होतो. तिनं एकदा वाचली, पान उलटलं, पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग विट्स्केच्या खुर्चीकडं गेली.

"छापताना राहिलं का गं?"

"न्हाई. काढलं."

"मला न विचारता?"

"तू मला इचारून स्वित्झर्लंडला कागद दिलास का?"

मिर्तेनं प्रत तिच्या टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "तो आपलाच कागद होता. सहावं कलम लिहून दिलं त्याला. म्हटलं, तुझ्याही मसुद्यात घाल, म्हणजे कुणाचाही मंजूर झाला तरी ते राहील."

"असं म्हंतीस."

"असं म्हणते नाही, असंच आहे."

"मग काल सांगितलं का न्हाईस?"

"तू विचारलंस कुठं? तू फक्त हात मागत होतीस."

अध्यक्षांनी हातोडी आपटली आणि दोघी आपापल्या देशाच्या पाटीमागं जाऊन बसल्या.

तीन वाजता मतदान झालं. तिथं पाट्या वर करून मत देतात. 'ठरावाच्या बाजूनं' असा पुकारा झाल्यावर विट्स्केनं पाटी उचलली आणि मान वळवून मोजायला लागली. स्वित्झर्लंडची पाटी टेबलावर आडवी होती. तिच्या शेजारच्या तिन्हीही. इजिप्त, म्हणजे दोन्ही हातांनी टाळ्या देणारा लिव्हन, खाली बघत पेन्सिल फिरवत होता. व्हिएतनामचीही पाटी खाली. नऊ. विरोधात चौदा, आणि त्यात बांगलादेशची पाटी सगळ्यांत आधी वर गेली होती.

पंधरा मिनिटांची सुट्टी दिली. डिडरिक बाहेर येताना विट्स्केजवळ थांबला. "टाळी झकास होती हं, पॅराग्वे. आम्ही हॉकीत गोल झाला की देतो तशीच."

"तू हात धरला हुतास."

"धरला होता? गोल मोठा असेल." तो निघून गेला.

त्याला ती रीत खरोखर कळली नव्हती की कळूनच त्यानं हात धरला होता, हे मला आजही सांगता येणार नाही. मी त्याला खूप दिवस पक्का लबाड समजत होतो. आता तेवढी खात्री वाटत नाही, पण विश्वासही बसत नाही.

विट्स्के अंगणात गेली. सायकली लावतात तिथल्या कठड्याला टेकून तिनं वडिलांना फोन लावला. मी जवळ गेलो. तिनं मला जा म्हटलं नाही. गोस्सेंचा आवाज एवढा मोठा की फोन कानाला लावलेला असूनही मला ऐकू येत होता. मागं वासरू हंबरत होतं.

"येऊ नगा उद्या, बाबा. पडला ठराव."

"किती हात हुते?"

"अकरा. मग डिडरिकचे चार."

"आन् मिळाली किती?"

"नऊ."

"कोण कोण फिरलं?"

"ते चौघं. आन् मिर्ते. आन् अकरांतले दोघं बी फिरले, इजिप्त आन् व्हिएतनाम. हात देऊन फिरले, बाबा. धरून ठेवलेला हात."

"मिर्ते म्हंजी ती दक्षिणेकडची? तिनं कुठं हात दिला हुता?"

"न्हाई दिला."

"मग ती फिरली कशी? जिनं हात दिलाच न्हाई ती फिरंल कशी?"

विट्स्के कठड्यावरचा गंज नखानं खरवडायला लागली.

"आन् त्या दोघांनी कशावर दिला हुता हात?"

"मसुद्यावर. कालच्या."

"कालच्या म्हंजी? आज दुसरा हुता?"

"एक कलम काढलं."

पलीकडं वासरू पुन्हा हंबरलं. गोस्से त्याच्यावर खेकसले आणि मग फोनवर आले. आवाज खाली आला होता, मला कान द्यावा लागला.

"टाळी बसल्यावर गाय बदललीस?"

"बाबा, तसं न्हवं ते…"

"मग कसं? त्या दोघांकडं परत गेलीस? म्हनलीस का, बाबांनो, गाय दुसरी हाय, हात परत द्या नायतर राहू द्या?"

"वेळच न्हवता."

"वेळ न्हवता." ते पुन्हा तेवढंच म्हणाले. मग म्हणाले, "सकाळची गाडी सात वीसची हाय. येतो मी."

"कशाला? मी बोलणार न्हाई उद्या."

"बोलशील की. त्या दोघांसंगं. माझ्यादेखत."

सुट्टीनंतर डिडरिकचा मसुदा चौदा विरुद्ध नऊ असा मंजूर झाला. इजिप्त, व्हिएतनाम, बांगलादेश, तिघांचीही पाटी वर. कारण त्यात मिर्तेनं लिहून दिलेलं सहावं कलम होतं. फक्त 'तीस दिवस आधी'च्या जागी 'शक्य तितक्या लवकर' असे शब्द होते. मिर्ते शब्द बदलायला उभी राहिली होती, पण तिच्या मागं कुणी नव्हतं. ज्या मसुद्यात तिचे शब्द जसेच्या तसे होते तो कालच अकरा हातांनिशी उभा होता आणि तिचा बारावा हात प्रत वाचून येणारच होता. मी बेरीज तीनदा केली. तिन्ही वेळा बाराच आले.

विट्स्केला ती मी सांगितली नाही. सांगायची गरज नव्हती, बेरीज तिची पक्की असते. मिर्ते आणि डिडरिकची बातमी तिच्या कानात मी घातली, ही गोष्ट मात्र मी त्या दिवशी तिच्यासमोर काढली नाही, आणि पुढंही फार उशिरा काढली.

रविवारी गोस्से आले. अंगात बाजाराचा खाकी लांब कोट, पायात चकाकते बूट, ते मात्र घासून आणले होते. चर्चच्या सभागृहात मागच्या रांगेत आमच्यामध्ये बसले. डिडरिकचं भाषण झालं तेव्हा ते हाताची घडी घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "चांगलं बोलतंय पोरगं. गाय इकत घ्यायची न्हाई त्याच्याकडनं." आणि विट्स्केच्या खांद्याला कोपर मारलं. "ऊठ."

लिव्हन बाहेर पायऱ्यांवर पाक भरलेला, बिस्किटासारखा स्ट्रोपवाफल खात बसला होता, शेजारी व्हिएतनामवाली ग्रोनिंगेनची पोरगी. विट्स्के त्यांच्यासमोर उभी राहिली. गोस्से दहा पावलं मागं, कबुतरं बघत असल्याचं सोंग घेऊन.

"मी मसुदा बदलला," ती म्हणाली. "तुम्हाला न सांगता. तुम्ही हात दिला हुता त्यावर. माझी चूक हुती."

लिव्हन शेजारच्या पोरीकडं बघून मग विट्स्केकडं बघायला लागला. "हात-बित मला काही ठाऊक नाही. मी सहाव्या कलमाला हो म्हटलं होतं. ते गेलं, मग मी पण गेलो."

"तेच सांगतीय."

"एवढ्यासाठी आलीस? अगं, खेळ आहे हा. सोमवारी मी काही इजिप्त नसणार." त्यानं अर्धा स्ट्रोपवाफल तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला, आणि मी बघत असताना, न मोडता खाल्ला.

मिर्ते स्टेशनच्या फलाटावर घोळक्यात सापडली. विट्स्केनं तिला तेच सांगितलं, पण इथं शब्द अडखळले. "तुझा कागद… सुपाच्या रांगेतला… मला वाटलं…"

"तुला काय वाटलं ते कळलं गं मला."

"आता पटतंय मला, तू म्हंतीस तेच."

"आज पटतंय," मिर्ते म्हणाली. "उद्या कुणी दुसरं काही सांगितलं की पुन्हा पटणार नाही." तिनं हे रागानं म्हटलं नाही. लांबवून, गोड, आणि म्हणूनच जास्त लागेल असं म्हटलं. मग तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. रांगेत चार माणसं मागं कोण उभं होतं, हे तिला दिसलं होतं की नाही, कोण जाणे. मी मफलर नीट करायला लागलो.

"मग आता काय करू मी?" विट्स्केनं विचारलं.

"मला काय विचारतेस? तुझी गाडी कुठली?"

"चार वाजून पाचची."

"माझी चार वाजून दहाची. तुझ्या गाडीला पाच मिनिटं आहेत." मिर्तेनं पिशवीतून सहाव्या कलमाचा मूळ कागद काढला, तिच्या अक्षरातला. "पुढच्या महिन्यात उट्रेख्टला अशीच सभा आहे. मी हेच मांडणार. हवं तर वाच. हो म्हणायची घाई नको, आणि हात मागू नकोस."

विट्स्केनं कागद घेतला. फलाटावर वाऱ्यानं तो फडफडत होता. ती तिथंच उभी राहून पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. गोस्सेंनी तिच्या पाठीमागं जाऊन वाऱ्याला कोट आडवा धरला.